कापणीवाल्याचा अर्ज

साधारण सव्वीसशे वर्षांपूर्वी एका शेतमजुरानं साहेबाला अर्ज केला. अर्ज कागदावर नव्हता, खापरावर होता. फुटक्या मडक्याचा तुकडा आणि त्यावर शाईनं लिहिलेल्या चौदा-पंधरा ओळी, हिब्रू भाषेत. १९६० साली योसेफ नावेह या संशोधकाला तो तेल अवीवच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या एका छोट्या किल्ल्याच्या उत्खननात मिळाला. त्या किल्ल्याला आता मेसाद हशव्याहू म्हणतात, आणि खापर जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे.

तुम्ही कधी तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून काही लिहून घेतलं असेल, तर हा मजकूर एकदम ओळखीचा वाटेल. सुरुवात अशी की साहेबांनी आपल्या सेवकाचं म्हणणं ऐकून घ्यावं. मग स्वतःची ओळख: तुमचा सेवक कापणीवाला आहे, हत्सर-असम इथे कामाला होता. मग हकीकत: सेवकानं कापणी केली, धान्य मापून कोठारात भरलं, ठरलेलं काम पुरं केलं. आणि काम पुरं झालेलं असताना होशायाहू बेन शोबाय आला आणि सेवकाचा अंगावरचा कपडा घेऊन गेला. मग साक्षीदार: माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे भाऊ माझ्या बाजूनं सांगतील, माझा काही गुन्हा नाही. आणि शेवटी विनंती: साहेब, कपडा परत मिळवून द्या. तुमच्यावर तसं बंधन नसलं तरी दया म्हणून द्या.

एवढंच. मजुराचं नाव वाचण्याइतकं शिल्लक नाही. मुकादमाचं मात्र बापाच्या नावासकट आहे!

हे खापर मला दाखवलं ते आमच्या टीममधल्या एका सिनियरनं. मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल. त्याचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीज लांबलं, सगळे वैतागलेले, तेव्हा त्यानं हा विषय काढला. कारण त्या अर्जात एक शब्द असा आहे की त्याचा अर्थ 'शब्बाथच्या आधी' असाही लावता येतो आणि 'काम थांबण्याच्या आधी' असाही. पहिला अर्थ धरला तर बायबलच्या बाहेर शब्बाथचा हा फार जुना, कदाचित सगळ्यात जुना उल्लेख ठरतो. पंडितांचं अजून एकमत नाही. आमच्या टीमचं मात्र तत्काळ एकमत झालं की वीकेंडच्या आधी काम संपवूनही माणसाचा कपडा काढून घेतात, यात नवीन असं काहीच नाही. (आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावं लागलं, तेही नारायण मेघाजी लोखंडे काही वर्षं त्यामागे लागले म्हणून. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?)

असो. कपड्याचं महत्त्व काय, तर त्या काळी गरिबाचा अंगावरचा झगा हेच रात्रीचं पांघरूण. म्हणून तर बायबलमध्ये नियम आहे की कुणाचा झगा गहाण घेतला तर सूर्य मावळायच्या आत परत द्यावा. त्याच धर्तीवर दुसरा नियम, की मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यावी. कायदा होता, आणि तरी अर्ज करावा लागला.

मला त्या अर्जातली एक गोष्ट सोडत नाही. तो माणूस 'मला कमी देतात' असं म्हणतच नाही. त्याची तक्रार वाट्याबद्दल नाही, मापाबद्दल आहे. मी माझं माप भरलं, असं तो दोनदा सांगतो. म्हणजे भांडण असं असणार की होशायाहूच्या हिशेबात माप भरलेलं नव्हतं आणि याच्या हिशेबात भरलेलं होतं. एरवी अशा भांडणात एकच हिशेब लिहिलेला असतो आणि तो मुकादमाचा. इथे कुणीतरी लिहिता येणाऱ्यानं दुसऱ्या बाजूचा हिशेब लिहून दिला, म्हणून आपल्याला तो कळतो.

आता यात ग्लोबलायझेशन कुठे आलं? त्या किल्ल्यात ग्रीक भांड्यांची खापरं भरपूर सापडली. तिथे भाडोत्री ग्रीक सैनिक असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. त्याच सुमाराच्या आराद नावाच्या दुसऱ्या किल्ल्यातली खापरं तर सरळ रेशनच्या चिठ्ठ्या आहेत. एल्याशीब नावाच्या कोठी-अधिकाऱ्याला हुकूम येतात की 'कित्तीम' लोकांना, म्हणजे बहुधा ग्रीकांकडच्या सैनिकांना, इतकी दारू दे, इतकं पीठ दे. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाचा वाटा चिठ्ठीवर लिहिलेला. आणि कापणीवाल्याचा वाटा तोंडी.

*

हे सगळं वाचून मला आठवलं ते आमचं इंदापूर. हसू नका, कारण देतो.

राष्ट्रीय उत्पन्नाचे वाटे कसे पडतात, जमीनवाल्याला किती, भांडवलवाल्याला किती, मजुराला किती, हा अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्न आहे असं पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगितलं ते डेव्हिड रिकार्डोनं, १८१७ साली. रिकार्डो लंडनचा, पोर्तुगालहून हॉलंडमार्गे आलेल्या ज्यू घराण्यातला, शेअर बाजारात पैसा केलेला माणूस. (क्वेकर मुलीशी लग्न केलं म्हणून घरानं त्याला तोडलं. ही स्टोरी कुठल्याही काळात चालते.) त्याचा सिद्धांत ढोबळमानानं असा, की चांगल्या जमिनीतून मजुरी, बी-बियाणं, बैल, भांडवलाचा नफा हे सगळं वजा जाता जे उरतं तो खंड. तो मालकानं घेतला तरी शेतीचं काही बिघडत नाही.

आता हा सिद्धांत कागदावर फार सुंदर आहे. तो जमिनीवर उतरवायची हौस आली कंपनी सरकारच्या एका तरुण अधिकाऱ्याला, रॉबर्ट कीथ प्रिंगलला. तो ज्या हेलिबरी कॉलेजात शिकला तिथे अर्थशास्त्राला खुद्द माल्थस. पेशवाई जाऊन दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती तेव्हा हा पुणे जिल्ह्यात मोजणीला लागला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं एकूण उत्पन्न किती, त्यातून खर्च वजा केला तर निव्वळ किती, आणि त्या निव्वळच्या ५५ टक्के सरकारी सारा! १८३० च्या सुमाराला हे लागू झालं.

मी स्वतः डेटाबेसवर पोट भरतो, त्यामुळे प्रिंगलबद्दल मला एक व्यावसायिक सहानुभूती आहे. मॉडेल उत्तम. इनपुट डेटा मात्र हाताखालच्या कारकुनांनी भरलेला, आणि कारकून गावच्या बड्यांनी भरलेले. कुठल्या शेताला किती मजुरी लागते हे पुण्यात बसून ठरलेलं. परिणाम असा झाला की इंदापूर तालुक्यात लोकांना सारा झेपेना, जमिनी पडीक पडल्या, माणसं गावं सोडून निघून गेली. शेवटी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना नव्यानं मोजणी करायला पाठवलं आणि १८३६ ला तीस वर्षांसाठी नवा, कमी सारा बसला. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात जी पाहणीची पद्धत गेली, तिची सुरुवात या इंदापुरातून झाली. वाट्याच्या सिद्धांताची जगातली ही बहुधा पहिलीच फील्ड टेस्ट असावी. टेस्ट फेल गेली, पण बग रिपोर्ट कुणी लिहिला? रयतेनं नाही. रयतेनं फक्त गाव सोडलं.

तीस वर्षं संपली आणि १८६७ ला फेरपाहणी होऊन इंदापूरचा सारा चांगलाच वाढला. नेमकी ती वेळ वाईट होती. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला, दख्खनमध्ये सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. वरून नवा सारा. हे मिसिसिपीतलं युद्ध आणि आमच्याकडचा सावकार यांचं कनेक्शन शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी इतिहासात जास्त मार्क पाडले असते.

१२ मे १८७५. सुपे, आजच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचं गाव. आसपासच्या वाड्यांवरचे लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. दख्खनचे दंगे म्हणून जे पुस्तकात येतात त्यांची ही सुरुवात. चौकशी आयोगानं नोंदवलं ते असं, की लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या. ते मिळाले की बऱ्याच ठिकाणी माणसाला हात लावला नाही. ज्या कागदावर आपल्या नावापुढे 'निशाणी नांगर' एवढंच आपण काढू शकतो आणि बाकीचं सगळं समोरचा लिहितो, तो कागद जाळण्याखेरीज त्याला उत्तर काय देणार?

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात मग बऱ्याच तरतुदी आल्या. मला त्यातली आवडते ती अगदी रूक्ष. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. म्हणजे कागद सावकाराच्या ओटीवर नाही, तिसऱ्या माणसासमोर. अख्खा दंगा पेटून हाती आलं ते एवढं, आणि माझ्या मते ते थोडं नव्हतं.

आणि मधल्या काळात १८७६-७७ चा दुष्काळ. आज बारामती-इंदापूरचा ऊस ज्यावर उभा आहे त्या नीरा डाव्या कालव्याची खोदाई दुष्काळी काम म्हणून सुरू झाली, पाणी १८८५ ला आलं. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामांवरची मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, यावर माणूस खोदकाम करू शकतो असं त्याचं म्हणणं. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून गेले, आणि त्यांची बाजू आकड्यांसकट सरकारपुढे मांडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेनं. पुन्हा तेच, कुणीतरी लिहिणारा लागला.

जेरुसलेममध्ये डोंगराच्या पोटातून पाणी नेणारा ५३३ मीटरचा एक बोगदा आहे, हिज्कीया राजाच्या काळचा. त्याच्या भिंतीवरचा शिलालेख १८८० साली मिळाला. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाही. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या लोकांना एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले आणि कुदळीला कुदळ कशी भिडली, एवढंच आहे. हा शिलालेख आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. नीरा कालव्यावर असा दगड असता तर तो मी पोरांना दाखवायला नेला असता.

*

आता आजचं बघू. बारामती एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओची तीनचाकी बनते. इटलीच्याच फेरेरोचा चॉकलेट-गोळ्यांचा कारखाना २०११ पासून आहे. रस्ते गुळगुळीत, कॉलेजं, मॉल. बारामतीला नावं ठेवण्याची आमच्याकडे फॅशन आहे, पण माझ्या मावशीच्या घराला पत्रा होता तिथे आज स्लॅब आहे. मावसभावाकडे बाईक आहे, फ्रिज आहे. हे नाकारणारा माणूस गावाकडे कधी राहिलेला नाही, असं खुशाल समजावं.

पण वाटा आणि रक्कम या वेगळ्या गोष्टी आहेत. भाकरी मोठी झाली आणि आपल्याला मिळणारा अर्धा तुकडा चतकोर झाला, तरी तो चतकोर पूर्वीच्या अर्ध्यापेक्षा वजनाला जास्त भरू शकतो. उद्योगांच्या वार्षिक पाहणीचे आकडे घ्या. देशातल्या संघटित कारखान्यांत जी निव्वळ मूल्यवाढ होते, तिच्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या आसपास सुमारे ३० टक्के होता. २००७-०८ पर्यंत तो १० टक्क्यांच्या आसपास आला. नंतर थोडा सावरला, पण जुन्या जागेच्या जवळपासही पोचला नाही. आणि कारखान्यातल्या कामगारांत कंत्राटी किती? २००० च्या सुमाराला पाचात एक. २०२२-२३ मध्ये पाचात दोन.

गंमत म्हणजे पुस्तकाप्रमाणे हे उलटं व्हायला हवं होतं. स्टोल्पर आणि सॅम्युएलसन या दोघांनी १९४१ साली मांडलं की व्यापार खुला झाला की ज्या देशाकडे जे मुबलक आहे त्याला भाव येतो. आपल्याकडे माणसं मुबलक, म्हणजे मजुराचं चांगभलं व्हायला हवं. झालं असं की श्रीमंत देशांतून जे काम इकडे सरकलं ते तिकडच्या मानानं जास्त माणसांचं असलं, तरी आपल्या मानानं जास्त मशीनचंच होतं. नाणेनिधीच्या २०१७ च्या अहवालात हेच आहे. श्रीमंत देशांत मजुरांचा वाटा घसरला त्याचं मोठं कारण तंत्रज्ञान, आणि आपल्यासारख्या देशांत मोठं कारण जागतिक साखळीत सामील होणं, कारण त्यातून उत्पादनच भांडवलजड झालं. त्याआधी २०१४ मध्ये काराबार्बूनिस आणि नीमन यांनी हिशेब मांडला होता की जगभरातली निम्मी घसरण मशिनरी आणि कॉम्प्युटर स्वस्त झाल्यामुळे आहे. म्हणजे आमचाच धंदा. रिकार्डोनंही १८२१ च्या आवृत्तीत यंत्रांवरचं प्रकरण नव्यानं घातलं आणि यंत्रं मजुरांच्या मुळावर येऊ शकतात हे मान्य केलं. आधी त्याचं मत वेगळं होतं.

हे सगळं खरं असेल. तरी मला एक शंका आहे, आणि ती गावाकडचा असल्यामुळे आहे. हे आकडे ज्यांना मोजतात त्यांच्यात ऊसतोडवाले कुठे आहेत? कारखान्याच्या गेटच्या आत काम करणारा तो कामगार. फडात ऊस तोडणारा कुणाचा कामगार? कारखाना म्हणतो मुकादमाचा. मुकादम म्हणतो कारखान्याचा. त्याची मजुरी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून तोडणी-वाहतूक म्हणून वजा होते, आणि कारखान्याच्या हिशेबात ती कच्च्या मालाच्या किमतीत गडप होते. म्हणजे ज्या माणसाशिवाय एक कांडं गव्हाणीत पडत नाही, तो मजुरीच्या खात्यात नाहीच. तो उसात आहे!

दर तरी बघू. २०२० च्या करारात टनाला २७३ रुपये ठरले. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन ते सुमारे ३६६ झाले, तीन वर्षांसाठी. त्या हंगामाची एफआरपी टनाला ३१५० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला. म्हणजे तोडणीचा वाटा साधारण साडेअकरा टक्के. पुढच्या हंगामाची एफआरपी ३४००, वाटा पावणेअकरा. २०२५-२६ ची ३५५०, वाटा सव्वादहाच्या आसपास. एफआरपी दरवर्षी हलते, कोयत्याचा दर तीन वर्षं जागचा हलत नाही. यात ना इटली आहे ना रोबो. वाटा नुसता बसून बसून घसरतो, आणि करार होतो तेव्हा एकदम वर येतो. म्हणून 'जागतिक शक्तींपुढे काही चालत नाही' असं कुणी म्हटलं की मला हा तक्ता दाखवावासा वाटतो. ३४ टक्के आपोआप आले नाहीत, संप करून आणि टेबलावर बसून आले.

आणि हे ३६६ कुणाचे? एका कोयत्याचे. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा असेल तर अर्धा कोयता. पहाटे चारला फडात, जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. वाढे विकून चार पैसे सुटतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत घरी जायचं नाही. खाडा झाला तर दंड. वहीत नाव एकाचंच, नवऱ्याचं.

मी नववीत असताना आमच्या फडावर आष्टीकडची एक टोळी होती. त्यातली एक बाई, मी तिला मावशी म्हणायचो, संध्याकाळी कोपीतून उठून आमच्या ओट्याशी यायची. "बाळा, येवढं लिहून ठिव." हातात वजनकाट्याची पावती. मी एका दोनशेपानी वहीत तारीख, गाडी आणि वजन लिहायचो. मला वाटायचं मी फार मोठं समाजकार्य करतोय. हंगाम संपता संपता हिशेबाला बसले तेव्हा मुकादमाच्या वहीत चार खेपा कमी निघाल्या. मुकादम म्हणाला, शाळेतल्या पोराच्या लिहिण्यावर काय हिशेब करायचा? मग मावशीनं पदराची गाठ सोडली. चारातल्या दोन खेपांच्या पावत्या निघाल्या. त्या दोन त्यानं धरल्या. ज्या दोन पावत्या पावसात भिजून गेल्या होत्या त्या नाही धरल्या. माझं अक्षर सुंदर होतं, पण त्यानं काही झालं नाही. मावशी मात्र खूश होती. दोन तर आल्या.

आता तोडणीला हार्वेस्टर येतायत. किंमत कोटीच्या घरात, सरकारचं अनुदानही आहे. तोडणीला माणसं मिळत नाहीत हे खरं आहे, आष्टी-पाटोद्याच्या पोरांनी कोयता का धरावा हाही प्रश्न आहे. पण मशीनवाल्याचं बिल छापील असतं, जीएसटीसकट, आणि ते कारखान्याच्या सिस्टीममध्ये पहिल्या दिवसापासून असतं.

या सगळ्यावर मी विचार करतोय कारण मावसभाऊ. तो एका कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला आहे, सहा वर्षं झाली. कारखान्याचं नाव नको, कंत्राटदाराचंही नको. रोज बारा तास भरतो. गेटवरच्या पंचिंगमध्ये बारा तास दिसतात, कंत्राटदाराच्या मस्टरवर आठ. वरच्या चार तासांचे काहीतरी पैसे रोख हातात पडतात, कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे तो नाही. पेरोल म्हणजे काय ते मला कळतं, मी तसली सॉफ्टवेअरं लिहिली आहेत. त्यात कंत्राटी माणूस हा माणूस नसतोच, व्हेंडर कोडच्या खाली 'क्वांटिटी' असतो. अनेक कंपन्यांच्या ताळेबंदात तो पगाराच्या ओळीत नसून 'इतर खर्चा'त असतो, सिक्युरिटी आणि कॅन्टीनच्या शेजारी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे कामगार कायदे लागू झाले. त्यांच्यावर बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलंय, मी त्यात पडत नाही. पण त्यात एक कलम असं आहे की प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं. लेखी. हे मी त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "दादा, पत्र देऊन काय काढून टाकायचे थांबत्यात व्हय?" थांबत नाहीत, मी म्हटलं, पण तू तिथे होतास हे तरी कुठेतरी राहील.

मग त्यानंच एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. गेली दोन वर्षं तो रोज सुटताना पंचिंग मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढतो. कुणी सांगितलं नव्हतं. असेच काढून ठेवले, म्हणाला. फोनमध्ये सहाशेच्या वर फोटो आहेत, तारीख-वेळेसकट.

गेल्या दोन वीकेंडला आम्ही कामगार खात्याला द्यायचा अर्ज लिहितोय. पहिला मसुदा मी केला होता, चार पानी, कलमं-बिलमं घालून. त्यानं वाचला आणि म्हणाला, "हे मी लिवलंय आसं वाटंल का कुणाला?" मग सगळं काढलं. आता एक पान आहे. मी अमुक ठिकाणी कामाला आहे. इतके दिवस इतके तास काम केलं. ते मस्टरवर नाही. सोबत फोटो जोडले आहेत. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारावं.

शेवटच्या वाक्यावर आम्ही अडलो आहोत. नावं घालायची का? त्याच्या लाइनवर सहा जण आहेत. तिघं सही करतो म्हणालेत. एकाचं घरकर्ज चालू आहे, तो म्हणाला मला मधे घेऊ नका, पण विचारलं तर खोटं सांगणार नाही. एक जण कंत्राटदाराच्या गावचा. सहावा बिहारचा आहे, छठला गेलाय तो अजून आलेला नाही, फोन लागत नाही. तीन नावांवर अर्ज द्यावा की सहाव्याची वाट बघावी हे शनिवारी ठरवायचं आहे.